बीजीपी ग्रेसफुल रीस्टार्ट चालू असूनही रूट का गळतात? वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

बीजीपी म्हणजे राउटरांनी एकमेकांना रूट (पॅकेटांचे मार्ग) कळवण्याचा प्रोटोकॉल, आणि ग्रेसफुल रीस्टार्ट म्हणजे एका राउटरची बीजीपी प्रक्रिया पुन्हा सुरू होत असताना शेजाऱ्याने त्याचे रूट राखून ठेवण्याची सोय. दोन राउटरांवर बीजीपी ग्रेसफुल रीस्टार्ट चालू केलेले असते, कॉन्फिगरेशनमध्ये ती ओळ स्पष्ट दिसत असते, आणि तरीही एका बाजूची बीजीपी प्रक्रिया पुन्हा सुरू झाली की दुसरी बाजू तिच्याकडून आलेले सगळे रूट लगेच काढून टाकते. ट्रॅफिक दुसऱ्या लिंकवर जाते, दुसरी लिंक नसेल तर बंदच पडते, आणि सेशन पुन्हा जुळून रूट भरेपर्यंत ग्राहकांचे फोन सुरू झालेले असतात. पुढच्या देखभालीच्या वेळी हेच पुन्हा घडते. अशा वेळी पहिला उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी रीस्टार्ट टाइम (सेशन परत जुळण्याची वाट पाहण्याची मुदत) १२० सेकंदांवरून ३००वर आणि मग ६००वर नेला जातो, पण अडचण जागची हलत नाही. टायमरला हात लावण्याआधी शेजारी राउटरने रूट नेमके कोणत्या क्षणी आणि कोणत्या कारणाने काढले हे शोधले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. वेळ अपुरी पडल्यामुळे रूट गेले अशी प्रकरणे त्यामानाने थोडी असतात. शेजाऱ्याने वाट पाहायला सुरुवातच केली नाही, किंवा सेशन परत जुळल्याच्या क्षणी रूट टाकून दिले, अशीच प्रकरणे जास्त आढळतात.

पुढील उदाहरणे लिनक्सवरील एफआरआर या राउटिंग संचाची आहेत, कारण त्यात आतले सगळे उघडून पाहता येते. तपासाची पद्धत मात्र कोणत्याही कंपनीच्या राउटरला लागू पडते, कारण मूळ नियम जानेवारी २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४७२४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) मधील आहेत.

घटनांचा क्रम

पुन्हा सुरू होणाऱ्या राउटरला आपण रीस्टार्टिंग राउटर म्हणू आणि त्याच्या शेजाऱ्याला हेल्पर म्हणू. सेशन उभे राहताना दोघेही ओपन या सुरुवातीच्या संदेशात ग्रेसफुल रीस्टार्टची क्षमता जाहीर करतात. तिचा सांकेतिक क्रमांक ६४ आहे. नंतर कधीतरी रीस्टार्टिंग राउटरची बीजीपी प्रक्रिया थांबते आणि टीसीपी जोडणी तुटते. हेल्पर त्याच्याकडून आलेले रूट काढत नाही, त्यांच्यावर स्टेल (शिळा) अशी खूण करतो आणि पॅकेटे पूर्वीप्रमाणेच त्याच्याकडे पाठवत राहतो. आधी जाहीर झालेल्या रीस्टार्ट टाइमच्या आत सेशन पुन्हा उभे राहिले, तर नव्या ओपन संदेशात काय लिहिले आहे हे हेल्पर वाचतो. तेथे समाधान झाले तर नवे रूट येत राहतात, जुन्यांची जागा घेत जातात, आणि शेवटी एंड-ऑफ-रिब ही ‘रूट पाठवून संपले’ अशी खूण आली की जे रूट अजूनही स्टेल राहिले असतील तेवढे काढले जातात.

या क्रमात रूट गळण्याची मुख्य ठिकाणे चार आहेत : जोडणी तुटतानाचा क्षण, रीस्टार्ट टाइम संपण्याचा क्षण, नवा ओपन संदेश येण्याचा क्षण आणि एंड-ऑफ-रिबचा क्षण. हेल्परचा लॉग सेकंदासह समोर ठेवला की आपले प्रकरण यांपैकी कोणत्या ठिकाणचे आहे हे कळते. हे करण्याआधी कॉन्फिगरेशन बदलू नये, कारण एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने गुण आला हे कधीच समजत नाही.

सर्वांत आधी एक प्राथमिक गोष्ट तपासावी. क्षमतांची देवाणघेवाण केवळ ओपन संदेशात होते. चालू सेशनवर ग्रेसफुल रीस्टार्टची ओळ घातली, तर ते सेशन एकदा पाडून पुन्हा उभे केल्याशिवाय शेजाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. कॉन्फिगरेशन महिन्यापूर्वी बदललेले आणि सेशन वर्षभर अखंड चालू, असे चित्र दिसले तर उत्तर तेथेच मिळाले. म्हणून कॉन्फिगरेशनची फाइल न वाचता ‘शो बीजीपी नेबर्स’ या कमांडमध्ये ‘अॅडव्हर्टाइज्ड’ आणि ‘रिसीव्ह्ड’ हे दोन्ही शब्द दिसतात का ते पाहावे, आणि ते आयपीव्ही४ व आयपीव्ही६ या दोन्ही ॲड्रेस फॅमिलींसाठी स्वतंत्रपणे पाहावे. क्षमता प्रत्येक ॲड्रेस फॅमिलीसाठी वेगळी जाहीर होते, त्यामुळे आयपीव्ही४चे रूट टिकतात आणि आयपीव्ही६चे जातात असा अर्धवट प्रकारही नेहमी आढळतो. सेशन पाडणे हाही एक छोटा खंडच असल्याने ते काम देखभालीच्या वेळेतच करावे.

जोडणी तुटतानाच रूट जात असतील तर

मूळ आरएफसी ४७२४ नुसार हेल्परची भूमिका टीसीपी जोडणी अचानक तुटली तरच सुरू होते. सेशन नोटिफिकेशन संदेशाने बंद झाले, तर तो रीतसर निरोप मानला जातो आणि रूट ताबडतोब काढले जातात. बीजीपी प्रक्रिया नीट थांबवली, म्हणजे तिला आवरते घेण्याची संधी दिली, की ती बहुधा जाता जाता सीज या प्रकारचे नोटिफिकेशन पाठवते आणि स्वतःच स्वतःचे ग्रेसफुल रीस्टार्ट रद्द करते. म्हणूनच प्रक्रिया कोसळली तेव्हा रूट टिकले आणि आपण व्यवस्थित पुन्हा सुरू केली तेव्हा गेले, असा उलटा वाटणारा अनुभव येतो. हेल्परच्या लॉगमध्ये ‘नोटिफिकेशन रिसीव्ह्ड’ आणि त्यापुढे ६ हा मुख्य कोड, म्हणजे सीज, दिसला, तर संशयाला जागा उरत नाही.

हे टाळण्याचा मार्ग मार्च २०१९च्या आरएफसी ८५३८ ने दिला. त्यात रीस्टार्टच्या झेंड्यांमध्ये (फ्लॅगमध्ये) एन हा आणखी एक बिट आला. दोन्ही बाजूंनी तो लावलेला असेल तर नोटिफिकेशन आल्यावरही, आणि होल्ड टाइम (शेजाऱ्याकडून काहीच न आल्यास सेशन मृत धरण्याची मुदत) संपल्यावरही, रूट स्टेल म्हणून राखले जातात. ज्याला खरोखरच सगळे पुसून टाकायचे आहे त्याच्यासाठी हार्ड रीसेट हा सीजचा ९ क्रमांकाचा उपकोड राखून ठेवला आहे. यातला होल्ड टाइमचा भाग फार महत्त्वाचा आहे. प्रक्रिया मरत नाही पण गोठते, टीसीपी जोडणी उघडीच राहते, आणि होल्ड टाइम संपल्यावर हेल्पर स्वतःच नोटिफिकेशन पाठवून सेशन बंद करतो, अशा वेळी जुन्या नियमानुसार काहीही वाचत नाही. एन बिट दोन्हीकडे लागला आहे का, हे एकदा पॅकेटमध्ये पाहून खात्री करून घ्यावी. एकाच बाजूने लावून उपयोग नाही.

याच क्षणी रूट जाण्याचे दुसरे कारण बीएफडी (लिंकचा बिघाड वेगाने ओळखणारा प्रोटोकॉल) आहे, आणि माझ्या मते सध्या सर्वाधिक ठिकाणी दोष बीएफडी आणि ग्रेसफुल रीस्टार्ट यांच्या जोडीत असतो. लिंक बिघडल्याचे लवकर कळावे म्हणून ३०० मिलिसेकंद अंतर आणि तीनचा गुणक असे बीएफडी बसवलेले असते, म्हणजे ९०० मिलिसेकंद शांतता झाली की शेजारी मेला असे धरले जाते. बीएफडी राउटरच्या नियंत्रण बाजूच्या (बीजीपीसारख्या प्रक्रिया चालवणाऱ्या) प्रोसेसरवरच चालत असेल, तर नियंत्रण बाजू पुन्हा सुरू होताना तेही थांबते, हेल्पर एका सेकंदाच्या आत सेशन पाडतो आणि १२० सेकंदांची सवलत सुरूच होत नाही. येथे रीस्टार्ट टाइम कितीही वाढवला तरी फरक पडणार नाही.

बीएफडीच्या पॅकेटमध्ये यासाठीच सी नावाचा बिट आहे. तो १ असेल तर बीएफडी नियंत्रण बाजूपासून स्वतंत्र आहे, आणि अशा स्थितीत बीएफडी थांबले तर पॅकेटे पुढे जाणेच थांबले असा अर्थ घेऊन हेल्परने रूट टाकून देणे योग्य ठरते. तो ० असेल तर बीएफडी थांबल्यावरून पॅकेटे जात आहेत की नाहीत याबद्दल निश्चित काहीच सांगता येत नाही. एफआरआरमध्ये शेजाऱ्याच्या बीएफडी ओळीला ‘चेक-कंट्रोल-प्लेन-फेल्युअर’ ही जोड दिली की हा बिट लिहिला आणि वाचला जातो, आणि ग्रेसफुल रीस्टार्ट ठरलेले असल्यास त्याप्रमाणे बीएफडीच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करता येते. ज्या हार्डवेअरवर बीएफडी लाइन कार्डवर (पॅकेटे पुढे पाठवणाऱ्या भागावर) चालवण्याची सोय नाही, तेथे वेगाने बिघाड ओळखणे आणि ग्रेसफुल रीस्टार्ट यांपैकी एकाचीच निवड करावी. दोन्ही हवे असा आग्रह धरला की दोन्ही अर्धवट मिळतात.

सेशन परत जुळताक्षणी रूट जात असतील तर

हा प्रकार ओळखायला सोपा आणि समजायला अवघड आहे. लॉगमध्ये दिसते असे की जोडणी तुटली, रूट स्टेल झाले, वीस-पंचवीस सेकंदांनी सेशन पुन्हा उभे राहिले, आणि आता सगळे सुरळीत होईल असे वाटत असतानाच स्टेल रूट एकदम निघून गेले. कारण नव्या ओपन संदेशात असते. त्यात त्या ॲड्रेस फॅमिलीचा उल्लेखच नसेल, किंवा उल्लेख असून एफ बिट (पॅकेटे पुढे पाठवणे, म्हणजे फॉरवर्डिंग, जपल्याची खूण) शून्य असेल, तर हेल्परने त्या फॅमिलीचे सगळे स्टेल रूट तत्काळ काढावेत असा नियमच आहे.

पॅकेट प्रत्यक्ष पाहू. बीजीपीच्या पोर्ट १७९ वरची देवाणघेवाण टीसीपीडंप या साधनाने पकडून ठेवली आणि रीस्टार्टनंतरचा पहिला ओपन संदेश उघडला, तर क्षमतेचे बाइट षोडशमान पद्धतीत असे दिसतात :

४० ०६ ८० ७८ ०० ०१ ०१ ८०

पहिला ४० म्हणजे दशमान ६४, अर्थात ग्रेसफुल रीस्टार्टची क्षमता. ०६ ही पुढील मजकुराची लांबी. त्यानंतरच्या दोन बाइटांत वरचे चार बिट झेंड्यांचे आणि खालचे बारा बिट वेळेचे आहेत, म्हणून ‘८० ७८’ याचा अर्थ आर बिट लागलेला आहे, म्हणजे मी आत्ताच पुन्हा सुरू झालो आहे, आणि रीस्टार्ट टाइम १२० सेकंद आहे. वेळेला बाराच बिट असल्यामुळे ती ४०९५ सेकंदांपलीकडे जाऊ शकत नाही. ‘०० ०१ ०१’ ही आयपीव्ही४ युनिकास्टची ओळख झाली, आणि शेवटचा ८० हा एफ बिट आहे : या फॅमिलीचे फॉरवर्डिंग मी रीस्टार्टच्या काळात जपून ठेवले होते, असे तो सांगतो. येथे ८० ऐवजी ०० दिसला की आपले निदान पूर्ण झाले. वायरशार्क हा प्रोग्राम हेच शब्दांत दाखवतो, पण एकदा बाइट वाचून पाहिले की पुढे शंका राहत नाही. मात्र रीस्टार्टनंतरचाच ओपन संदेश पाहावा. अगदी पहिल्या वेळच्या सेशनमध्ये एफ बिट शून्य असणे हा दोष नाही.

एफआरआरमध्ये हा बिट लागावा म्हणून बीजीपीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘बीजीपी ग्रेसफुल-रीस्टार्ट’ या ओळीच्या जोडीला ‘बीजीपी ग्रेसफुल-रीस्टार्ट प्रिझर्व्ह-एफडब्ल्यू-स्टेट’ ही ओळ लागते. पहिली ओळ नसेल तर एफआरआर मुळात हेल्परच्याच भूमिकेत असतो, म्हणजे दुसऱ्याला सांभाळतो पण स्वतःसाठी सवलत मागत नाही. अनेक जण येथेच अडकतात.

आता काळजीची गोष्ट. ही दुसरी ओळ म्हणजे आपण शेजाऱ्याला दिलेला शब्द आहे, आणि तो खरा आहे की नाही हे शेजारी तपासू शकत नाही. कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) रूट प्रत्यक्षात पुसले जात असतील आणि आपण एफ बिट लावून मोकळे झालो, तर शेजारी विश्वासाने पॅकेटे पाठवत राहील आणि ती आपल्या राउटरवर येऊन नष्ट होतील. ग्रेसफुल रीस्टार्ट नसते तर ट्रॅफिक दुसऱ्या लिंकवर तरी गेली असती. चुकीचा एफ बिट लावणे हे काहीही न लावण्यापेक्षा वाईट आहे, म्हणून ती ओळ घालण्याआधी पुढील तपासणी अवश्य करावी.

एका खिडकीत ‘आयपी मॉनिटर रूट’ ही कमांड चालू ठेवावी आणि दुसऱ्या खिडकीतून फक्त बीजीपीडी ही एफआरआरची बीजीपी प्रक्रिया ‘किल -९’ ने मारावी. वॉचएफआरआर हा एफआरआरचा देखरेख करणारा प्रोग्राम तिला पुन्हा उभी करतो. या काळात पहिल्या खिडकीत ‘डिलीटेड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी वाहू लागल्या, तर फॉरवर्डिंग जपले जात नाही हे उघड आहे. काहीच उमटले नाही, आणि ‘आयपी रूट शो प्रोटो बीजीपी’ मध्ये रूट जागेवर दिसले, तर शब्द पाळला जात आहे. बीजीपीडी गेल्यावर कर्नलमधले रूट राखायचे की नाही हे झेब्रा (एफआरआरची कर्नलमध्ये रूट लिहिणारी प्रक्रिया) ठरवतो, आणि किती काळ राखायचे हे ‘रिब-स्टेल-टाइम’ ठरवते. त्याचे मूळ मूल्य ५०० सेकंद आहे.

संपूर्ण एफआरआर सेवा पुन्हा सुरू करणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण त्यात झेब्राही थांबतो. थांबताना रूट न पुसण्यासाठी झेब्राला ‘-आर’ हा पर्याय द्यावा लागतो, आणि सुरू होताना आधीचे स्वतःचे रूट लगेच न झाडता ठरावीक सेकंद ठेवण्यासाठी ‘-के’ हा पर्याय सेकंदांच्या आकड्यासह द्यावा लागतो. हे पर्याय डेमन्स या फाइलमधील झेब्राच्या ओळीत लिहितात. ‘-के’चा आकडा बीजीपीचे सगळे रूट परत येण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा मोठा हवा, नाहीतर झेब्रा झाडू मारतो आणि बीजीपीडी पाठोपाठ तेच रूट पुन्हा भरत बसतो.

मध्येच, एकाएकी रूट जात असतील तर

दोन कारणे येथे नेहमी नजरेआड होतात. पहिले म्हणजे लागोपाठचे रीस्टार्ट. जो रूट आधीच स्टेल आहे तो सेशन पुन्हा तुटल्यास काढून टाकावा असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे, कारण सतत कोसळणाऱ्या राउटरवर कायम विसंबून राहता येत नाही. त्यामुळे बीजीपीडी उभी राहून काही सेकंदांत पुन्हा पडत असेल, तर पहिल्या रीस्टार्टमध्ये रूट टिकतात आणि दुसऱ्यात जातात. हेल्परवर दोष शोधण्यात अर्थ नाही. प्रक्रिया दुसऱ्यांदा का पडली हे पाहावे.

दुसरे कारण नेक्स्ट हॉपचे, म्हणजे पॅकेट पुढे ज्या पत्त्याकडे पाठवायचे त्याचे, आहे. लूपबॅक (राउटरच्या स्वतःच्या, कोणत्याही लिंकशी न बांधलेल्या) पत्त्यांवरून बांधलेल्या अंतर्गत बीजीपी सेशनमध्ये स्टेल रूट हेल्परच्या तक्त्यात असतातच, पण त्यांचा नेक्स्ट हॉप ओएसपीएफ या अंतर्गत राउटिंग प्रोटोकॉलने शिकवलेला असतो. संपूर्ण राउटिंग संच पुन्हा सुरू झाला आणि ओएसपीएफचे ग्रेसफुल रीस्टार्ट नसले, तर चाळीस सेकंदांचा डेड इंटर्व्हल (शेजाऱ्याचे हॅलो संदेश न आल्यास वाट पाहण्याची मुदत) संपल्यावर, किंवा नव्या हॅलोमध्ये आपले नाव दिसले नाही की त्याआधीच, शेजारी ओएसपीएफची जोडणी मोडतो, लूपबॅक दिसेनासा होतो, आणि बीजीपीचे राखलेले रूट निरुपयोगी ठरतात. बीजीपीच्या लॉगमध्ये मात्र सगळे आलबेल दिसते. म्हणून बीजीपीला सवलत देताना खालच्या प्रोटोकॉललाही ती द्यावी. ओएसपीएफमध्ये ही व्यवस्था नोव्हेंबर २००३च्या आरएफसी ३६२३ प्रमाणे चालते. राउटर आधी ग्रेस-एलएसए हा संदेश पाठवून शेजाऱ्यांकडे मुदत मागतो, आणि ती मुदत १८०० सेकंदांपेक्षा जास्त नसावी अशी शिफारस आहे. तेथे एक अट जास्त कडक आहे : मुदतीच्या काळात नेटवर्कची रचना बदलली, तर हेल्पर सवलत मोडून बाहेर पडतो. ओएसपीएफच्या मोठ्या एरियात (नेटवर्कच्या विभागात) कुठली तरी लिंक सतत चालू-बंद होत असेल, तर ओएसपीएफचे ग्रेसफुल रीस्टार्ट कधीच पूर्ण होत नाही, आणि त्याचा दोष मात्र बीजीपीच्या माथी येतो. सिस्कोच्या उपकरणांवर जुनी स्वतःची आणि आयईटीएफ या मानक संस्थेची अशा दोन पद्धती आहेत. दोन्ही टोकांना एकच पद्धत निवडलेली असावी.

टायमर कधी वाढवावेत

वरील सगळे तपासून झाले आणि लॉगमध्ये रीस्टार्ट टाइम संपल्याचेच लिहिलेले आढळले, तरच टायमरकडे वळावे. रीस्टार्ट टाइम म्हणजे फक्त सेशन पुन्हा उभे राहीपर्यंतचा अवधी, रूट भरेपर्यंतचा नव्हे. स्टेल रूट जास्तीत जास्त किती काळ ठेवायचे हे हेल्परवरील ‘स्टेलपाथ-टाइम’ ठरवते. एफआरआर आणि सिस्को आयओएस या दोन्हींवर रीस्टार्ट टाइमचे मूळ मूल्य १२० सेकंद आणि स्टेलपाथ-टाइमचे ३६० सेकंद आहे. ज्याला इंटरनेटचा संपूर्ण तक्ता, म्हणजे आयपीव्ही४चे नऊ लाखांहून अधिक रूट, घ्यायचे आहेत त्याने दुसरा टायमर वाढवण्याचा विचार करावा. पहिला वाढवून तक्ता लवकर भरत नाही. रीस्टार्ट टाइम होल्ड टाइमपेक्षा जास्त नसावा ही आरएफसीमधील सूचना मी शक्यतो पाळतो, कारण राउटर परत येणारच नसेल तर त्या प्रत्येक सेकंदाला पॅकेटे वाया जात असतात.

एंड-ऑफ-रिबची खूण आली का, हेही पाहावे. आयपीव्ही४साठी हा २३ बाइटांचा रिकामा अपडेट संदेश असतो. तो आला नाही तर हेल्पर स्टेलपाथ-टाइम संपेपर्यंत जुने रूट धरून बसतो. उलट दिशेने तो आला नाही तर रीस्टार्टिंग राउटर सर्वोत्तम रूट निवडण्याचे काम पुढे ढकलत राहतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला सेशन उभे असूनही तक्ता रिकामा दिसतो. दहा शेजाऱ्यांपैकी एकाने खूण पाठवली नाही तरी सगळ्यांची निवड अडते, म्हणून कोणाकडून ती आली नाही हे ‘शो बीजीपी नेबर्स ग्रेसफुल-रीस्टार्ट’ मध्ये एकेका शेजाऱ्यासमोर पाहावे.

हे सर्व कोठे लागू करू नये हेही सांगणे आवश्यक आहे. ज्या राउटरमध्ये पॅकेटे पुढे पाठवणारी बाजू रीस्टार्टमध्ये खरोखर बंद पडते, उदाहरणार्थ कर्नल बदलण्यासाठी पूर्ण यंत्रच रीबूट करायचे आहे, तेथे ग्रेसफुल रीस्टार्टचा काही उपयोग नाही. अशा कामासाठी मार्च २०१८च्या आरएफसी ८३२६ मधील ग्रेसफुल शटडाउन वापरावे : आपल्या रूटना ६५५३५:० ही कम्युनिटी (रूटवरचे लेबल) लावून जाहीर करावे, शेजाऱ्याने तशी धोरणे ठेवली असतील तर तो त्यांची लोकल प्रेफरन्स (पसंतीचा अंक) शून्यावर आणतो, ट्रॅफिक हळूहळू दुसऱ्या मार्गाने जाते, आणि मगच यंत्र बंद करावे. हेल्परची भूमिका मात्र सर्व राउटरांवर चालू ठेवायला हरकत नाही. रीस्टार्टिंगची भूमिका फक्त तेथेच द्यावी जेथे ‘आयपी मॉनिटर रूट’ ची खिडकी रीस्टार्टच्या संपूर्ण काळात कोरी राहिली आहे.

दुरुस्तीनंतरची चाचणी देखभालीच्या वेळेत, प्रत्यक्ष ट्रॅफिक असताना, दोनदा घ्यावी : एकदा ‘किल -९’ ने आणि एकदा सेवा रीतसर पुन्हा सुरू करून. दोन्ही वेळा पलीकडच्या यंत्राकडे सेकंदाला दहा याप्रमाणे पिंग चालू ठेवावे, आणि हेल्परवर स्टेल रूटची संख्या आधी वाढून मग शून्यावर येते हे लॉगमध्ये टिपून घ्यावे. पहिली चाचणी उतरली आणि दुसरी फसली तर नोटिफिकेशनकडे आणि झेब्राच्या पर्यायांकडे परत जावे. पहिलीच फसली तर बीएफडी आणि एफ बिट आधी पाहावेत.